इंग्रजी पॅटर्नमधला डबल क्रोशे नक्की कुठला? आणि क्रोशेच्या सशाला लोक निटेड का म्हणतात?

घंटाळीची_गुंडी

मंडळी मदत पाहिजे आणि थोडं रडायचं पण आहे.

मी ठाण्याची, नौपाड्यात राहते. लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ बघून बघून क्रोशे शिकले, आता ऑर्डरी घेते, छोटे प्राणी, बाळाची टोपडी मोजे, राखीपौर्णिमेला राख्या असं. मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या नणंदेने इंग्लंडातल्या लेस्टरहून ऑर्डर दिली, मुलीच्या वाढदिवसाला ससा पाहिजे, आणि पॅटर्न पण तिनेच विकत घेऊन पाठवला, इंग्रजीत, बारा पानी. म्हटलं बरं झालं, डोकं चालवायला नको.

पॅटर्नमध्ये जिथे बघावं तिथे डी सी, डी सी, डी सी. म्हणजे डबल क्रोशे, म्हणजे आपला खांब, तो उंच टाका, बरोबर? मी घातले खांब. सुरुवातीच्या रिंगमध्ये ६ टाके, मग १२, मग १८, सगळं मोजून मापून. डोकं झालं तेव्हाच शंका यायला हवी होती कारण फोटोत ते मोसंबीएवढं होतं आणि माझं झालं होतं पपईसारखं. पण सशाचे कान लांब असतात तर डोकं थोडं लांब झालं म्हणून काय बिघडलं अशी मनाची समजूत घातली आणि पुढे गेले. मग कापूस भरला. प्रत्येक फटीतून कापूस बाहेर डोकावायला लागला. सासूबाई शेजारी बसून शेंगा सोलत होत्या, त्या म्हणाल्या ही उशी कुठे फाटली गं.

आता प्रश्न. एक तर माझं चुकलं काय? टाके मोजून बरोबर आहेत, तीनदा मोजले. आणि दुसरं म्हणजे ती बाई प्रत्येक मेसेजमध्ये "निटेड बनी" लिहिते. मी एकदा लाजत लाजत लिहिलं की हे निटिंग नाही, म्हणजे दोन सुयांवरचं नाही, क्रोशे आहे, तर तिने हसरा चेहरा पाठवला आणि पुढच्या मेसेजला परत निटेड. इंग्लंडच्या लोकांना पण फरक कळत नाही का? की तिकडे दोन्हीला निटच म्हणतात? आणि भूतकाळात आय निट लिहायचं की आय निटेड? मी आपलं दर वेळी "आय मेड" लिहून वेळ मारून नेते.

---

साखळी_ते_खांब (खारघर)

अगं तुझं काहीच चुकलं नाही, तुझा पॅटर्न ब्रिटिश आहे एवढंच. पहिल्या नाहीतर दुसऱ्या पानावर कुठेतरी बारीक अक्षरात "यूके टर्म्स" लिहिलेलं असणार, जाऊन बघ आणि मग ये शिव्या द्यायला. आपण सगळ्याजणी व्हिडिओवरून शिकतो आणि व्हिडिओ बहुतेक अमेरिकन भाषेतले, मग ब्रिटिश पॅटर्न हातात आला की हे होतंच. माझ्या एका शालीचं असंच झालं होतं, ती शाल आता आमच्या गाडीचं कव्हर म्हणून खपेल.

नीट सांगते. आपला मुका खांब घे, वेढा न घेता करतो तो बुटका टाका. त्याला अमेरिकेत सिंगल क्रोशे म्हणतात आणि त्याच टाक्याला इंग्लंडमध्ये डबल क्रोशे. आपला साधा खांब, एक वेढा घेऊन करतो तो, अमेरिकेत डबल आणि इंग्लंडमध्ये ट्रेबल. अर्धा खांब अमेरिकेत हाफ डबल, इंग्लंडमध्ये हाफ ट्रेबल. म्हणजे ब्रिटिश लोक कायम एक पायरी वर. साखळी आणि स्लिप स्टिच तेवढी दोन्हीकडे सेम.

खेळणी कायम मुक्या खांबाची करतात कारण वीण घट्ट लागते, कापूस दिसता कामा नये. तू मुक्या खांबाच्या जागी खांब घातलेस, ते उंचीला दुपटीपेक्षा जास्त, म्हणून मोसंबीची पपई झाली.

आणि हे लक्षात कसं ठेवायचं तर मी असं ठेवते. सुई टाक्यात घालून धागा ओढून घेतलास की सुईवर किती फास दिसतात ते मोज. मुक्या खांबाला दोन दिसतात, ब्रिटिश म्हणतो डबल. खांबाला तीन दिसतात, तो म्हणतो ट्रेबल. अमेरिकन मोजतो ते पुढचं, म्हणजे धागा किती वेळा ओढून टाका संपवला. मुका खांब एका झटक्यात संपतो म्हणून सिंगल, खांब दोन झटक्यात म्हणून डबल. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, मधल्यामध्ये आपले ससे मरतात.

पॅटर्नवर यूके यूएस काहीच लिहिलेलं नसेल तर शोधायचं. कुठेही "सिंगल" शब्द दिसला की तो अमेरिकन, कारण हल्लीच्या ब्रिटिश पॅटर्नमध्ये सिंगल नसतोच. टाका सोडायला "मिस" लिहिलं असेल तर ब्रिटिश, "स्किप" असेल तर अमेरिकन. मापाच्या चौकोनाला "टेन्शन" म्हटलं असेल तर ब्रिटिश, "गेज" म्हटलं असेल तर अमेरिकन. मला पहिल्यांदा "चेक युवर टेन्शन" वाचून वाटलं होतं की किती प्रेमाने विचारतायत.

चार्ट असेल तर मग प्रश्नच नाही. अधिकचं चिन्ह किंवा फुली म्हणजे मुका खांब, टी सारखं म्हणजे अर्धा खांब, टी ला एक तिरकी काडी म्हणजे खांब. जपानचा असो की कुठलाही. मी तर आता चार्ट नसेल तर पॅटर्न विकतच घेत नाही.

---

घंटाळीची_गुंडी

आत्ता बघितलं. दुसऱ्या पानावर आहे. सगळ्यात खाली. "दिस पॅटर्न इज रिटन इन यूके टर्म्स." मी तो भाग वाचलाच नाही कारण त्याच्या वर लेखिकेच्या मांजरीचा फोटो होता.

---

डोंबिवलीकर_ठाण्यात

हे सगळं ठीक आहे पण ठाण्यात लोकर विकत कोण घेतं हा माझा मूळ प्रश्न आहे. आमच्याकडे डिसेंबरमध्ये पण पंखा पाचवर असतो. पारा बावीसवर आला की बाबा माकडटोपी काढतात, आई म्हणते फोटो काढून घ्या, दोन दिवसांनी परत कपाटात जाईल.

---

साखळी_ते_खांब

एसी लोकलमध्ये सकाळी खिडकीशी बसून बघा, मग विचारा लोकर कोण घेतं.

---

महापे_मर्चंडायझर

मी गारमेंट एक्स्पोर्टमध्ये आहे पंधरा वर्षं, क्रोशेतलं शून्य कळतं पण निट या शब्दावर माझं घर चालतं म्हणून लिहितोय. आमच्या धंद्यात निट म्हणजे स्वेटर नाही, टीशर्ट. बनियान, लेगिंग, पोलो, सगळं निट. शर्ट, पॅन्ट, साडीचं कापड हे वोव्हन. निटमध्ये धाग्याचे फास एकात एक अडकवलेले असतात म्हणून ते ताणलं जातं, वोव्हनमध्ये ताणा आणि बाणा, उभे आडवे धागे, म्हणून ताणलं जात नाही. मराठीत दोन्ही विणलेलंच. नवीन पोराला हे समजवायला मला पहिला आठवडा लागतो कारण त्याच्या डोक्यात विणणे एकच असतं, तो बायरला मेल लिहितो की धिस शर्ट इज निटेड अँड वोव्हन.

घरी एक प्रयोग करा. अंगातला साधा टीशर्ट घ्या, भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करा. बाहेरच्या बाजूला छोटे छोटे इंग्रजी व्ही एकाखाली एक दिसतील. आता उलटा करा, आतून आडव्या कमानी दिसतील, बारीक गाठींसारख्या. ह्या कापडाला आम्ही सिंगल जर्सी म्हणतो. माझ्या बायकोला दाखवलं तर ती म्हणाली ह्यात काय विशेष, बाहेरून सुलट आतून उलट, माझ्या आईच्या स्वेटरसारखंच की. पंधरा वर्षं नोकरी करून मला हे माहीत नव्हतं.

आता तुमच्या लेस्टरच्या बाईबद्दल. तिला फार बोलू नका, कस्टम्सवाले पण तिच्याच बाजूचे आहेत. जगभर माल पाठवताना जो एचएस कोड लावतात त्यात कपड्यांचे दोन चॅप्टर आहेत. ६१ मध्ये निटेड ऑर क्रोशेटेड, ६२ मध्ये नॉट निटेड ऑर क्रोशेटेड. म्हणजे क्रोशे आणि निटिंग एका खणात, बाकी सगळं दुसऱ्या. ससा मात्र खेळण्यात जाईल, चॅप्टर ९५, पार्सलवर कपडा लिहू नका.

अजून एक, बाजारात "क्रोशे लेस" म्हणून जी मीटरवर मिळते ती बहुतेक मशीनवर केलेली असते आणि ते मशीन खरं तर निटिंगचंच असतं, नाव फक्त क्रोशे. त्यामुळे नावाच्या बाबतीत कोणीच धुतल्या तांदळाचा नाही.

---

नेरुळच्या_आजी

मुलीने अकाउंट काढून दिलं आहे, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

बाळ गुंडी, आमच्या वेळी असं नाव विचारायची वेळ आली नाही कारण आमच्याकडे दोनच नावं. दोन सुयांवरचं विणकाम आणि क्रोशाचं विणकाम. दोन सुयांवर सगळं दोनच टाक्यांचं, सुलट आणि उलट. दोन सुलट दोन उलट केलं की मनगटाची पट्टी, एक ओळ सुलट एक ओळ उलट केली की साधी वीण. इंग्रजीत सुलटला निट आणि उलटला पर्ल. म्हणजे बघा, अख्ख्या कलेचं नाव निटिंग आणि त्यातल्या एका टाक्याचं नाव पण निट, उलट टाक्याला बिचारीला कुणी विचारत नाही. मला कितीतरी वर्षं वाटायचं पर्ल म्हणजे मोती, उलट टाका मोत्यासारखा दिसतो म्हणून. मग नातीने दाखवलं की स्पेलिंगच वेगळं.

एक सुलट एक उलट करून पुढच्या ओळीला उलटापालट करायचं, दाणेदार वीण येते, त्याला आम्ही साबुदाणा म्हणायचो. जावई कॅनडाला असतात, त्यांच्या स्वेटरला मी ती वीण घेतली. नातीने पुस्तकात बघून सांगितलं की आजी ह्याला इंग्लंडमध्ये मॉस म्हणतात म्हणजे शेवाळ आणि अमेरिकेत सीड म्हणजे बी. आणि अमेरिकेत मॉस म्हटलं तर ती भलतीच वीण, दाणे लांबट येतात. मी म्हटलं राहू दे, साबुदाणा खिचडीत पण चालतो आणि स्वेटरवर पण.

खरा घोळ सुयांच्या नंबरचा. हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आपल्याकडच्या सुया जुन्या इंग्लंडच्या नंबरांच्या. त्यात नंबर वाढला की सुई बारीक. आमच्या १० नंबरच्या सुया म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकेत उलटं, नंबर वाढला की सुई जाड, त्यांची १० नंबरची सहा मिलिमीटर. मी कॅनडातून आलेलं पुस्तक बघून ८ नंबरवर मुलीसाठी जाकीट सुरू केलं. आपली ८ म्हणजे चार मिलिमीटर, त्यांची ८ म्हणजे पाच. पाठ पूर्ण झाली आणि ती मुलीच्या नाही, नातीच्या अंगाला बसली. तेव्हापासून मी मिलिमीटर सोडून काही बघत नाही. सुईला छिद्रं असलेली पट्टी मिळते मापाची, ती घ्या.

आणि उसवायला रडू नका. इंग्रजीत आता त्याला फ्रॉगिंग म्हणतात असं नात सांगत होती. रिप इट रिप इट म्हणजे उसव उसव, ते बेडकाच्या रिबिट रिबिट सारखं ऐकू येतं म्हणून बेडूक. मला फार आवडलं. आमच्याकडे तर उसवणं हे कामच होतं. मोठ्याचा स्वेटर लहान झाला की उसवायचा, दुसरी बाई समोर हात पसरून बसायची, तिच्या हातांवर लडी करायची, चार ठिकाणी दोऱ्याने बांधायची नाहीतर गुंता, मग कोमट पाण्यात बुडवून दांडीवर टांगायची आणि खाली वरवंटा लटकवायचा. उसवलेली लोकर नागमोडी असते, ती वजनाने सरळ होते. एका लोकरीत तीन मुलं वाढली माझी. तुझ्या सशाची लोकर फुकट जाणार नाही.

---

डोंबिवलीकर_ठाण्यात

आजी वरवंटा लटकवायची आयडिया एक नंबर. 🙏

---

निवांत_ऐरोली

निट की निटेड याचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून येतो. दोन्ही बरोबर आहेत. पण वापर थोडा वाटून घेतलेला आहे. लोकर आणि सुया असतील तर इंग्लंडचे लोक शक्यतो निटेड म्हणतात, आय निटेड अ स्कार्फ. माणसं, कुटुंब, टीम असं काही असेल तर निट, क्लोज निट फॅमिली, तिथे निटेड म्हटलं तर कानाला खटकतं. हाडं जुळतात त्याला पण निट म्हणतात, आणि भुवया आकसतात त्याला पण. त्यामुळे तुम्ही लेस्टरला आय निटेड लिहिलंत तर चालेल, फक्त ते खोटं होईल कारण तुम्ही क्रोशे केलंय. त्याचा भूतकाळ लिहिताना शेवटी टी ई डी येतो पण टी बोलत नाहीत, क्रोशेड असा उच्चार. वरच्या मर्चंडायझर साहेबांनी क्रोशेटेड लिहिलंय ते कस्टम्समध्ये चालतं असं समजू.

निटचा मूळ अर्थ गाठ मारणे. जुन्या इंग्रजीत क्निट्टन असं क्रियापद होतं, नॉट म्हणजे गाठ हा त्याचाच भाऊबंद, म्हणून दोन्हीच्या स्पेलिंगमध्ये तो न बोलायचा के बसलाय. क्रोशे हा फ्रेंच, अर्थ छोटा आकडा. म्हणजे एकाचं नाव गाठीवरून आणि दुसऱ्याचं हत्यारावरून. म्हणून तिकडे दोन शब्द, दोन जाती आणि त्यांची भांडणं. क्रोशेवाल्यांना निटर म्हटलं की राग येतो हे मी स्वतः पाहिलंय, आमच्या ऑफिसच्या लीड्सच्या टीममध्ये एक बाई मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून क्रोशे करते, एकाने नाइस निटिंग म्हटलं तर तिने मीटिंगची पाच मिनिटं त्यावर खर्च केली. म्हणजे तिकडच्यांना फरक कळतो, जे करतात त्यांना. जे विकत घेतात त्यांना लोकरीचं दिसलं की निटेड.

त्याच टीमचा मॅनेजर एकदा म्हणाला लेट्स स्टिक टू अवर निटिंग. मला वाटलं हा पण विणतो. अर्थ असा की आपल्याला जे जमतं तेच करू, नको तिथे नाक खुपसू नका. मी पुढे अर्धा तास त्याला विचारत होतो तू काय विणतोस. दुसरा एकदा म्हणाला सॉरी आय वॉज वूल गॅदरिंग, म्हणजे तंद्री लागली होती. पूर्वी कुंपणाला काट्यांना मेंढ्यांची लोकर अडकायची ती वेचत फिरायचं, त्यावरून.

पण आपण उगीच कमीपणा घेतो. नात्यांची वीण घट्ट असते, ती उसवते, हे आपण रोज बोलतो की. क्लोज निटला मराठी शब्द शोधायला कुठे जायची गरज नाही. आणि वीण शब्द आपल्याकडे गाईम्हशींच्या व्यायण्याला पण आहे, ते इंग्रजांना सांगून बघा.

बाबांच्या माकडटोपीवर आता. ती म्हणजे बॅलाक्लाव्हा, क्रिमियातल्या बालाक्लाव्हा गावाच्या नावावरून. १८५४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे लढाई झाली, त्यात ब्रिटिश घोडदळाच्या लाइट ब्रिगेडचा तो प्रसिद्ध हल्ला ज्याने नेला तो कार्डिगनचा सातवा अर्ल, त्याच्या नावाने समोर बटणं असलेला कार्डिगन. आणि त्याच्या वरचा सेनापती लॉर्ड रॅगलन, त्याचा एक हात १८१५ ला वॉटर्लूच्या लढाईत गेला होता, त्याच्या नावाने रॅगलन बाही, गळ्यापासून तिरकी येते ती. लढाईत सैनिक मेले, कपाटात मात्र टोपी बाही आणि स्वेटर तिन्ही राहिले. डोंबिवलीकर, बाबांना सांगा, बावीस डिग्रीला का होईना, इतिहास घालून बसलेत.

---

साखळी_ते_खांब

निवांत, तुमच्या पोस्टमध्ये लोकरीच्या जाडीचा मुद्दा राहिला म्हणून मी टाकते नाहीतर गुंडीची पुढची ऑर्डर फसेल. इंग्लंडमध्ये फोर प्लाय म्हणजे बारीक लोकर, त्याला अमेरिकेत फिंगरिंग म्हणतात. ऑस्ट्रेलियात एट प्लाय म्हणजे इंग्लंडची डीके (डबल निटिंग, मध्यम जाडीची), टेन प्लाय म्हणजे साधारण अमेरिकेची वर्स्टेड. आपल्या दुकानात फोर प्लाय मागितलं तर दुकानदार चार पदर मोजून देतो, जाडी कितीही असो. मी आता शंभर ग्रॅमला किती मीटर ते लेबलवर बघते. वर्स्टेड हे नॉर्फोकमधल्या एका गावाचं नाव आहे हे मला ह्याच भानगडीत कळलं.

---

महापे_मर्चंडायझर

निवांत साहेब, क्रोशेटेड बद्दल माफी. सोमवारी ऑफिसात पहिल्यांदा क्रोशेड म्हणून बघतो, लोक हसले तर तुमचं नाव सांगेन.

---

घंटाळीची_गुंडी

अपडेट देते. आजींचं ऐकलं, अख्खा ससा उसवला. सासूबाई हात पसरून बसल्या, मी लडी केली, वरवंटा नाही लटकवला कारण आमच्याकडे मिक्सर आहे, पाण्याची बाटली लटकवली. लोकर ऍक्रिलिकची त्यामुळे पूर्ण सरळ झाली नाही पण चालली. मग सगळीकडे डी सी दिसला की तोंडाने मुका खांब मुका खांब म्हणत केला, रिंगमध्ये ६ पासून. डोकं मोसंबीएवढं! एका फटीतून कापूस नाही. कान पण बेतात. जुन्या सशाच्या दोन कानांच्या लोकरीत नव्याचे दोन कान आणि एक शेपूट निघाली, म्हणजे मी किती लांब केले होते बघा.

चिठ्ठीवर निवांतदादांच्या सांगण्यावरून "हँड क्रोशेड इन ठाणे" लिहिलं, सुवाच्य अक्षरात, खाली दोन रेघा मारून. परवा पार्सल पोचलं. बाईंचा मेसेज आला, मुलगी ससा घेऊनच झोपली, आणि त्यांच्या आईला पण एक पाहिजे, "युवर निटिंग इज सो नीट."

दुसऱ्या सशाची रिंग घातली आहे. डी सी चा अर्थ मी आता हातावर पेनाने लिहून ठेवलाय.